बँक घरमालक, कॉम्प्रेसर माझा : दुबईतल्या इजारा गृहवित्ताचा सहा वर्षांचा अनुभव

२०२३च्या जुलैत, बाहेर पारा ४५च्या घरात असताना, आमच्या फ्लॅटच्या एसीचा कॉम्प्रेसर बसला. मेकॅनिक गच्चीवर जाऊन आला आणि म्हणाला, हा आता दुरुस्त होत नाही, नवाच टाका. ४,८०० दिरहम. पैसे मोजण्याआधी मी एक फोन केला. बँकेला. म्हटलं, तुमच्या घराचा कॉम्प्रेसर गेलाय, बिल कुठल्या पत्त्यावर पाठवू?

पलीकडची मुलगी जरा थांबली. मग तिने अत्यंत अदबीने विचारलं, "सर, आपण आमच्या बँकेत फोन केलाय, हे आपल्याला माहीत आहे ना?"

माहीत होतं. चेष्टा करत नव्हतो. ज्या फ्लॅटमध्ये मी २०१९पासून राहतो त्याच्या मालकीपत्रावर बँकेचं नाव आहे आणि माझी नोंद भाडेकरू म्हणून आहे. मी दरमहा हप्ता भरत नाही, भाडं भरतो. याला इजारा म्हणतात: घर बँक विकत घेते, मला भाड्याने देते, आणि मुदतीत सगळे पैसे फिटले की ते माझं होतं. मराठी वाचकाला हा शब्द नवा वाटायला नको. पेशवाईच्या दप्तरात इजारे आणि इजारदार पानोपानी भेटतात. तिथे तो महसुलाचा मक्ता होता, इथे घराचं भाडं आहे. मूळ अरबी शब्द तोच.

आता मी कोण ते सांगतो, कारण त्याशिवाय हे परीक्षण कळणार नाही. दापोली तालुक्यातला कोकणी मुसलमान. १९९८पासून आखातात, आधी शारजा, आता दुबई. पेशाने हिशेबनीस, एका बांधकाम साहित्याच्या कंपनीत. व्याज घ्यायचं नाही, द्यायचं नाही, हे घरातून आलेलं. अब्बांच्या बचत खात्यात वर्षाकाठी जे काही व्याज जमा व्हायचं, ते ते पेन्सिलने पासबुकात गोल करून ठेवायचे. ती रक्कम घरात वापरायची नाही आणि मशिदीलाही द्यायची नाही, कारण तिचं पुण्य मागायचं नसतं. ती जायची संडास बांधायला. आमच्या मोहल्ल्यातले दोन सार्वजनिक संडास असे राष्ट्रीयीकृत बँकेच्या व्याजावर उभे आहेत, आणि भक्कम आहेत.

तर अशा माणसाने घर घ्यायचं ठरवलं, तेव्हा साध्या कर्जाचा प्रश्नच नव्हता. बँकेचं नाव लिहीत नाही. तक्रार तिच्या एकटीची नाहीच. मी नंतर आणखी दोघा-तिघांचे करार मागून वाचले, मजकूर जवळजवळ तोच निघाला.

व्यवहार असा. जुमेरा व्हिलेज सर्कलमधला एक बेडरूमचा फ्लॅट, ६,४०,००० दिरहम. तेव्हाच्या नियमाने परदेशी माणसाला पहिल्या घरासाठी ७५ टक्क्यांच्या वर वित्त मिळत नसे, म्हणून १,६०,००० माझे, ४,८०,००० बँकेचे. मुदत वीस वर्षं. पहिली तीन वर्षं ३.४९ टक्के ठरलेला 'नफ्याचा दर', महिना २,७८१. त्यानंतर एमिरेट्समधल्या, म्हणजे संयुक्त अरब अमिरातीतल्या, बँका एकमेकींना ज्या दराने पैसे देतात तो तीन महिन्यांचा दर, म्हणजे एबोर, अधिक दीड टक्का. घर बँकेच्या नावावर झालं, पण जमीन खात्याची चार टक्के नोंदणी फी, २५,६०० दिरहम, भरली मी. मालकाच्या खरेदीची फी भाडेकरूने भरलेली तुम्ही कधी पाहिली आहे का? मी पाहिली आहे. पावती आहे.

सेवेबद्दल आधी बरं बोलतो, कारण बरं खूप आहे. अर्ज ते मंजुरी नऊ दिवस. जो अधिकारी होता त्याने एकही कागद दोनदा मागितला नाही. २०२०मध्ये कंपनीने पगार निम्मा केला तेव्हा तीन महिन्यांची रक्कम एका ईमेलवर पुढे ढकलून दिली. एकदा भाडं आठ दिवस उशिरा गेलं. दंड लागला, पण स्टेटमेंटमध्ये त्यापुढे 'धर्मादाय' असं लिहून आलं. उशिराचा दंड बँकेने स्वतःच्या उत्पन्नात धरायचा नाही, दान करायचा, असा दंडक आहे, आणि वर्षाच्या अहवालात त्याचा आकडा वेगळा छापलेला असतो. मला हे मनापासून आवडतं. साध्या बँकेत तुमच्या अडचणीतून तिची कमाई होते. इथे निदान त्या एका ओळीत तरी होत नाही. सेवेला पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कापला तो त्यांच्या अ‍ॅपमुळे.

प्रश्न सेवेचा नाही, सांगाड्याचा आहे. तिथे कॉम्प्रेसर येतो.

माझ्या हातात तीन करार आहेत. पहिला, भाडेकरार. त्यात स्वच्छ लिहिलंय की मोठी दुरुस्ती, मालकीशी संबंधित कर आणि घराचा तकाफुल, म्हणजे विमा, ही जबाबदारी मालकाची, अर्थात बँकेची. शरियतचा नियमच तो आहे: वस्तूचा धोका ज्याच्या डोक्यावर, त्यालाच तिचं भाडं हलाल. फोनवर मी हेच कलम वाचून दाखवलं. मुलीने वरिष्ठांना दिलं. वरिष्ठांनी मला दुसरा करार काढायला सांगितला, 'सर्व्हिस एजन्सी'चा. त्यात बँकेने मला स्वतःचा प्रतिनिधी नेमलेलं आहे. बँकेच्या वतीने दुरुस्ती मी करून घ्यायची, विमा मी उतरवायचा, खर्च मी करायचा आणि बँकेकडून परत मागायचा.

"मग मागतोय," मी म्हटलं.

"बरोबर आहे सर. आता भाडेकराराचं पूरक भाड्याचं कलम बघा."

पूरक भाडं म्हणजे काय, तर प्रतिनिधी म्हणून मी जो खर्च केला तो बँक मला देणं लागते, आणि तेवढीच रक्कम भाडेकरू म्हणून पुढच्या भाड्यात मी बँकेला जास्तीची देणं लागतो. दोन्ही रकमा एकमेकींत वजा. म्हणजे ४,८०० बँकेने मला दिले, मी बँकेला ४,८०० दिले, आणि या सगळ्यात एक फिल्ससुद्धा, म्हणजे दिरहमचा शंभरावा भागही, जागचा हलला नाही. पंचवीस वर्षं खतावणी लिहिणाऱ्या माणसाला ही नोंद बघून हसावं की दाद द्यावी कळेना. जमाखर्च अगदी बिनचूक आहे. फक्त त्याला अर्थ नाही.

तिसरा कागद खरेदीची हमी. मी भाडं थकवलं तर उरलेली सगळी मुद्दल एकरकमी देऊन घर विकत घ्यायला मी बांधील आहे. त्या दिवशी बाजारात घराची किंमत निम्मी झालेली असली तरी. म्हणजे भाव पडला तर नुकसान भाडेकरूचं, आणि दुरुस्ती आली तर तीही भाडेकरूची. मालकाने मालक म्हणून नेमकं काय केलं, तर नाव दिलं.

आता कोकणातली गोष्ट सांगतो. माझ्या चुलत्यांनी आंब्याची कलमं एका व्यापाऱ्याला तीन वर्षांच्या कराराने दिली होती. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं. आमच्या दापोली-मंडणगडच्या पट्ट्यात त्याने काय केलं ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. चुलत्यांची बावीस कलमं मुळासकट आडवी झाली. व्यापारी चौथ्या दिवशी घरी आला, चहा प्यायला आणि म्हणाला, गेलेल्या झाडांचे पुढच्या दोन हंगामांचे पैसे कमी करा. चुलत्यांनी केले. वाद नाही, वकील नाही, फतवा नाही. झाड मालकाचं, ते पडलं तर नुकसान मालकाचं. मोहोर गळला असता तर व्यापाऱ्याचं. दापोलीच्या बाजारात कुणालाही विचारा, हेच सांगेल. व्यवहार शरियतला धरून आहे की नाही ते ठरवणाऱ्या माझ्या बँकेच्या शरिया मंडळावर तीन विद्वान बसतात आणि त्यांच्या सहीने नेमकं उलटं चाललंय.

ऑफिसात माझ्या शेजारी बसतो तो कोल्हापूरकर. मी घर घेतलं त्याच सुमाराला त्याने, तेवढ्याच रकमेचं, दुसऱ्या बँकेतून सरळ व्याजाचं गृहकर्ज घेतलं होतं. आम्ही दोघं दर तिमाहीला कागद मांडून बसतो, हा आमचा छंदच झालाय. २०२२च्या मार्चपासून अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने व्याजदर वाढवत नेले, पुढच्या वर्षी जुलैपर्यंत सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर आणले. दिरहम डॉलरला ३.६७२५ या भावाने खुंटीला बांधलेला, त्यामुळे एबोरही मागोमाग चढला. कोल्हापूरकराचं व्याज वाढलं. माझं भाडं वाढलं. २०२३च्या ऑक्टोबरात माझा आकडा साडेतीन हजारांच्या पुढे गेला होता, आणि त्याच्या-माझ्या आकड्यांत चाळीस दिरहमांचाही फरक नव्हता.

"भाई," तो म्हणाला, "तुमचं भाडं वॉशिंग्टनचा घरमालक ठरवतोय की हो."

मला राग आला, कारण उत्तर नव्हतं. उलट एक जुनी गोष्ट आठवली. २०२०मध्ये दुबईत भाडी कोसळली होती. आमच्या इमारतीतल्या भाडेकरूंनी एकेक करून मालकांशी बोलून भाडी उतरवून घेतली. मीही भाडेकरूच ना? माझं २,७८१ जागेवर. आणि २०२३मध्ये बाजारात भाडी वाढली, माझंही वाढलं, पण बाजारामुळे नाही, फेडमुळे. कधी दोघं एका दिशेला जातात, तो योगायोग.

यावर बँकवाल्यांचं ठरलेलं उत्तर असं, की दर मोजायला फूटपट्टी व्याजाची वापरली म्हणून व्यवहार व्याजाचा होत नाही. दारूच्या दुकानातली तागडी दुधाच्या मापालाही चालते. तत्त्व म्हणून मला हे पटतं. पण दूध त्या तागडीत तोललं जातंय का, की बाटलीवरचं लेबल तेवढं बदललंय, हा माझा सवाल आहे. वेगळी फूटपट्टी करायचा प्रयत्न झालाच नाही असंही नाही. २०११मध्ये थॉमसन रॉयटर्सने काही इस्लामी बँकांना घेऊन त्यांचा स्वतःचा आंतरबँक दर काढला होता. माझ्या करारात मात्र एबोरच आहे, आणि मी वाचलेल्या इतर करारांतही. खरं तर घरभाड्यासाठी इतक्या लांब जायचीही गरज नाही. दुबईच्या जमीन खात्याकडे भाड्याचा निर्देशांक आहे, वस्तीनिहाय. २०२५च्या जानेवारीपासून तर त्याची नवी आवृत्ती इमारतीची प्रत पाहून भाडं सांगते. माझ्या घराचं भाडं त्या निर्देशांकाला बांधा, वर-खाली मर्यादा घाला. मग ते भाडं म्हणेन मी. जास्त पडलं तरी भरीन.

दुसरा अनुभव याच बँकेतला, २०२४च्या जानेवारीतला. मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी ४०,००० दिरहम हवे होते. वैयक्तिक वित्त, तवर्रुक पद्धतीने. तवर्रुक म्हणजे असं: बँक माझ्यासाठी बाजारातून एखादा माल घेते, मला तो उधारीवर चढ्या भावाने विकते, मी तो लगेच तिसऱ्याला रोख विकतो, आणि रोकड माझ्या हातात पडते. माल म्हणून बहुधा धातू असतो, लंडनच्या धातू बाजारातला. मलेशियात याच कामासाठी २००९मध्ये खास एक बाजारपेठ उभारली, तिथे पामतेल चालतं.

तर सकाळी अकरा वाजता फोन आला, संभाषण ध्वनिमुद्रित होतंय अशी सूचना झाली, आणि मला सांगण्यात आलं की मी आता जवळजवळ पाच टन अ‍ॅल्युमिनियमचा मालक आहे. किंमत ४५,६०० दिरहम, चार वर्षांत महिना ९५० प्रमाणे फेडायची. हे अ‍ॅल्युमिनियम आपल्या वतीने विकायला आम्हाला परवानगी आहे का?

मी बांधकाम साहित्यातला माणूस. पाच टन अ‍ॅल्युमिनियम म्हणजे केवढी रास ते मला डोळ्यांसमोर दिसतं. मी विचारलं, समजा मला माल ताब्यात हवा असेल तर?

"हक्क आहे सर आपला."

"मग दापोलीला पोचवाल?"

तो हसला. बिचारा चांगला मुलगा होता, आवाजावरून केरळचा. म्हणाला, "सर, मी चार वर्षं हे फोन करतोय, आजवर कुणी मागितलं नाही." मी परवानगी दिली. अकरा वाजून सात मिनिटांनी पैसे जमा झाल्याचा मेसेज आला. सात मिनिटं व्यापारी होतो. तेवढ्या वेळात अ‍ॅल्युमिनियमचा भाव कुठे गेला हे बघायचंही सुचलं नाही.

इस्लामी सहकार्य संघटनेची फिकह, म्हणजे इस्लामी कायद्याची, अकादमी २००९च्या एप्रिलमध्ये शारजात भरली होती, मी तेव्हा तिथेच राहत होतो, आणि तिने असा आधीच जुळवून ठेवलेला तवर्रुक नाजायज ठरवला. बहरीनची हिशेब आणि शरिया मानकांची संस्था, आयोफी, मात्र तो काही अटींवर चालवून घेते. एमिरेट्समध्ये २०१८च्या सप्टेंबरपासून सगळ्या इस्लामी बँकांना आयोफीची मानकं बंधनकारक आहेत. म्हणजे कागदावर मी निर्दोष आहे. अब्बा असते तर त्यांनी मधले ५,६०० पेन्सिलने गोल केले असते का, हे मला सांगता येत नाही. मी त्या रात्री गोल केले. मग खोडून टाकले.

हे सगळं असं का झालं, ते समजून घ्यायला मी थोडं मागे जाऊन वाचलं. १९६३मध्ये इजिप्तमध्ये नाईलच्या खोऱ्यातल्या मित घम्र गावात अहमद अल-नज्जार या अर्थतज्ज्ञाने एक बचत बँक काढली. जर्मनीत शिकून आलेला माणूस. तिथल्या लोकांच्या बचत बँकांचा नमुना त्याने शेतकऱ्यांना लावला. व्याज नाही, गावकऱ्यांनी ठेवी ठेवायच्या, बँकेने त्यांच्याच धंद्यांत भागी घ्यायची. आपल्याकडची भिशी आणि पतपेढी यांच्या मधलं काहीतरी म्हणा. काही वर्षांतच तो प्रयोग सरकारी बँकिंगमध्ये विरघळून गेला. मग १९७५मध्ये दुबई इस्लामिक बँक निघाली, ती आधुनिक अर्थाने पहिली पूर्ण व्यापारी इस्लामी बँक. इथे गोष्ट बदलली. भागीदारीची कल्पना गावाला शोभेल अशी होती, आणि तिला व्यापारी बँकेचे कपडे चढवले: ठेवीदाराचे पैसे कधीही परत द्यायचे, मध्यवर्ती बँकेचे भांडवलाचे नियम पाळायचे, शेजारच्या व्याजी बँकेशी दरात स्पर्धा करायची. हे सगळं सांभाळून जो धोका उरला तो कुणी घ्यायचा? मग वकील आले आणि धोका कागदावर मालकाकडे ठेवून प्रत्यक्षात गिऱ्हाइकाकडे सरकवायची कलमं लिहिली गेली. माझा 'पूरक भाड्याचा' परिच्छेद ज्याने लिहिला तो माणूस हुशार होता, यात शंका नाही.

ही कुरबूर माझ्यासारख्या फ्लॅटवाल्याचीच नाही. २००७च्या अखेरीला आयोफीच्या शरिया मंडळाचे प्रमुख मुफ्ती तकी उस्मानी यांनीच म्हटलं होतं की बाजारातले सुमारे ८५ टक्के सुकूक, म्हणजे इस्लामी रोखे, शरियतला धरून नाहीत. कारण तेच, मूळ किमतीला परत घ्यायची हमी. पुढच्या फेब्रुवारीत आयोफीने मुदारबा (पैसे एकाचे, धंदा दुसऱ्याचा) आणि मुशारका (दोघांची भागीदारी) यांच्या सुकूकांत अशी हमी चालणार नाही असं जाहीर केलं. पण २०१७मध्ये याच मुद्द्याचा उलटा वापर झाला. शारजातल्या दाना गॅस कंपनीने आपलेच ७० कोटी डॉलरचे सुकूक शरियतला धरून नसल्यामुळे बेकायदा आहेत, सबब ते फेडायचं बंधन नाही, असा पवित्रा घेतला. नोव्हेंबरमध्ये लंडनच्या कोर्टाने खरेदीची हमी वैध ठरवली आणि पुढच्या वर्षी तडजोड झाली. पण आपण विकलेला कागद हराम होता हे देण्याच्या दिवशी आठवावं, याला कोकणात एक शब्द आहे, तो इथे छापता येणार नाही. आयोफीने २०२३मध्ये सुकूकांसाठी ६२व्या मानकाचा मसुदा काढला, त्यात मालमत्तेची मालकी खरोखर रोखेधारकाकडे गेली पाहिजे असा आग्रह आहे. बाजारातून त्यावर ओरड झाली. होणारच. खरी मालकी म्हणजे खरा कॉम्प्रेसर.

कोल्हापूरकराला मी हे सांगत होतो तेव्हा त्याने मला बरोबर पकडलं. म्हणाला, "राव, बँकेने धोका घ्यावा म्हणता. बँकेचे पैसे कुणाचे? तुमच्यासारख्या ठेवीदारांचे. तुमच्या बचत खात्याला तोटा झाला तर चालेल?"

माझं बचत खातं मुदारबाचं आहे. म्हणजे बँक माझे पैसे धंद्यात लावणार, नफा ठरलेल्या प्रमाणात वाटून घेणार, आणि तोटा झाला तर, तिची हलगर्जी नसेल तर, तो माझा. करारात तसंच आहे. पण सहा वर्षांत एकदाही तोटा आलेला नाही, २०२०मध्येसुद्धा नाही. बँका चांगल्या वर्षातला थोडा नफा राखून ठेवतात आणि वाईट वर्षात तो वाटतात, म्हणजे ठेवीदार बिथरत नाही. मी कधी तक्रार केली? नाही. मलेशियाने २०१३च्या कायद्याने हा घोळ निस्तरायचा प्रयत्न केला होता. ठेव वेगळी, तिला मुद्दलाची हमी. गुंतवणूक खातं वेगळं, त्यात तोटा तुमचा. मला वाटतं या सगळ्या विषयात कुणी केलेली ती सर्वांत प्रामाणिक सुधारणा आहे. झालं काय, तर मुदारबाच्या ठेवींतले लोक मोठ्या संख्येने हमीच्या ठेवींकडे गेले, आणि त्या ठेवी बांधल्या होत्या तवर्रुकवर. पुन्हा पामतेल.

म्हणून मी त्याला खरं ते सांगितलं. सगळी पुंजी नाही लावणार. पाचवा हिस्सा लावीन. अशा खात्यात, जिथून फक्त घरं घेतली जातात, भाडं निर्देशांकावर चालतं, दुरुस्ती खात्यातून होते, आणि वर्ष वाईट गेलं तर मला कमी मिळतं. त्यावर तो म्हणाला, पाचवा हिस्सा म्हणजे तुम्ही वीस टक्के मुसलमान. मी त्याला चहा पाजला नाही त्या दिवशी.

अशी घटत्या भागीदारीची पद्धत, मुशारका, अस्तित्वात आहे. बँक आणि मी दोघं घराचे भागीदार, तिचा वाटा मी हळूहळू विकत घेतो, उरलेल्या वाट्याचं भाडं देतो. माझ्या पुतण्याने गेल्या वर्षी दुसऱ्या बँकेतून तशी घेतली. मी कौतुकाने त्याचा करार मागवला. बँकेचा वाटा विकत घ्यायची किंमत पहिल्या दिवशीच ठरलेली, भाडं एबोर अधिक काहीतरी, आणि सोबत सर्व्हिस एजन्सीचा करार, जवळपास शब्दशः माझाच. नाव बदलून सांगाडा बदलत नाही.

गावी लोक विचारतात, भारतात असं काही का नाही. रघुराम राजन यांच्या समितीने २००८मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती, २०१६मध्ये सोलापूर जिल्ह्यात लोकमंगल सहकारी बँकेने बिनव्याजी कर्जाचा एक छोटा उपक्रमही सुरू केला, आणि २०१७मध्ये रिझर्व्ह बँकेने माहिती अधिकारातल्या उत्तरात सांगून टाकलं की हा विषय पुढे नेणार नाही. मला पूर्वी याचं वाईट वाटायचं. आता वाटतं, यायचं असेल तर दुबईचा सांगाडा घेऊन येऊ नये. चुलत्यांचा आणला तर चालेल.

बाकी शरिया मंडळाबद्दल एकच. त्यांचं मानधन ती बँकच देते, आणि मोठी नावं एकाच वेळी अनेक बँकांच्या मंडळांवर असतात. मी कंपनीचा हिशेब तपासणाऱ्याला कंपनीनेच निवडू नये अशा मताचा आहे, तो दाढीवाला असो की टायवाला. इथे मध्यवर्ती बँकेत उच्च शरिया प्राधिकरण आहे. त्यांनी विद्वान नेमावेत, पैसे एका सामायिक निधीतून द्यावेत. सांगाड्याला दोन तारे.

मी हा करार मोडणार आहे का? नाही. मोडायचा झाला तर उरलेल्या रकमेच्या एक टक्का किंवा १०,००० दिरहम, जे कमी असेल ते शुल्क लागतं, म्हणजे मला साधारण चार हजार. त्यापेक्षा जास्त त्रास या गोष्टीचा, की जायचं कुठे? व्याजाकडे जाणार नाही. थोडा कच्चा हलाल पक्क्या हरामापेक्षा बरा, असं आमच्या मशिदीतले मौलवी म्हणतात. त्यांचं स्वतःचं घर भाड्याचं आहे, खऱ्या भाड्याचं.

तुम्ही इजारा घेणार असाल तर एवढं करा. सही करायच्या दिवशी नाही, आदल्या आठवड्यात तिन्ही करार मागा. भाडेकरार लगेच मिळेल, रंगीत आवरणात. सर्व्हिस एजन्सीचा मागितलात की अधिकारी आत जाईल आणि जरा वेळाने येईल. तो बसून वाचा. पूरक भाड्याच्या कलमाला मर्यादा घालून मागा: मोठी दुरुस्ती वर्षाला अमुक दिरहमांच्या वर गेली तर ती बँकेची. मला वाटलं होतं हे कुणी ऐकणारच नाही, पण पुतण्याने मी सांगितलं म्हणून विचारलं आणि त्याला तीन आठवड्यांनी लेखी उत्तर आलं, की सूचना शरिया विभागाकडे पाठवली आहे, संदर्भ क्रमांक सोबत. उत्तराची वाट बघतोय. दरम्यान त्याच्या गीझरमधून पाणी गळायला लागलंय.